अर्ध्या उंचीचा ढालाईत

सारीपाट, कवड्या आणि फासे यांच्याशी मराठी घरांचे नाते फार जुने आहे. महाराष्ट्र सोडून माळव्यात, गुजरातेत, तेलंगणात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांतूनही उन्हाळ्याच्या दुपारी पट अंथरला जाई आणि सोंगटी मारल्याचा आरडाओरडा माजघरातून ओटीपर्यंत ऐकू येई. अलीकडे याच घरांतील महाविद्यालयात शिकणारी काही मुलेमुली रविवारी कोणाच्या तरी घरी जमतात, टेबलाभोवती चार-चार तास बसतात, वीस पैलूंचा एक फासा टाकतात आणि एकमेकांना भलत्याच नावांनी हाका मारतात. याला जुगार म्हणावे की नाटकाची तालीम, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. जुगार तर तो नव्हेच, कारण येथे पैसा लावलेला नसतो. आणि तालीमही नव्हे, कारण संहिता कोणी लिहिलेलीच नसते.

या जातीच्या खेळांतील आद्य खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातून तो प्रसिद्ध झाला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, एवढाच त्याचा संसार. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. तो एखाद्या काल्पनिक राज्याचे, तेथल्या किल्ल्यांचे, भुयारांचे वर्णन करतो आणि प्रसंग उभा करतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात आणि त्या प्रसंगात आपण काय करू ते सांगतात. केलेले साधले की फसले, हे फासा ठरवतो. प्रत्येक पात्राची एक पत्रिका असते. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव अशी सहा स्थाने तीत मांडलेली असतात. नवग्रहांऐवजी आकडे, एवढाच काय तो आपल्या जन्मपत्रिकेहून फरक.

सूत्रधाराच्या या दुनियेत वाटेल ते होता येते. राजपुत्र होता येते, आकाशातून वीज ओढणारा मांत्रिक होता येते. असे असताना काही खेळाडू मुद्दाम जे पात्र निवडतात, त्याच्याविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे. ते पात्र म्हणजे एका सरदाराच्या पदरी ढाल वाहणारा, तीन फूट उंचीचा, 'हाफलिंग' जातीचा कोवळा पोरगा. इंग्रजीत त्याला 'हाफलिंग स्क्वायर' म्हणतात.

भाषेचा विद्यार्थी या नात्याने आमचे लक्ष प्रथम या दोन शब्दांकडे गेले. 'स्क्वायर' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला असून त्याचे मूळ लॅटिनमधील ढालवाचक शब्दात आहे. स्क्वायर म्हणजे ढाल वाहणारा. आपल्या भाषेत नेमके बोलावयाचे तर ढालाईत. शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर ज्यांचे पूर्वज इकडे आले, त्यांच्या घरात शिलेदार, बारगीर यांच्या जोडीने हा शब्दही कधीतरी कानांवर पडला असेल. 'हाफलिंग' हा शब्द मात्र अधिक गमतीचा. स्कॉटलंडच्या बोलीत 'हाफलिन' म्हणजे अर्धवट वाढलेला, ना बाळ ना बाप्या असा मुलगा, विशेषतः शेतावर किंवा तबेल्यात चाकरीला ठेवलेला. मराठीत यासाठी एकच शब्द पुरतो : पोऱ्या. वय आणि चाकरी ही दोन्ही त्यात एकदमच आली. लहान असणे आणि कोणाच्या तरी हाताखाली असणे या दोन गोष्टी भाषांनी पूर्वापार एकत्र बांधून ठेवल्या आहेत, त्याची ही साक्ष.

मध्ययुगीन युरोपात ढालाईत होणे ही केवळ चाकरी नव्हती, ते शिक्षण होते. उमराव घराण्यातील मुलगा सुमारे सातव्या वर्षी दुसऱ्या एखाद्या सरदाराच्या वाड्यावर धाडला जाई, चौदाव्या वर्षाच्या आसपास ढालाईत होई, आणि सारे सुरळीत पार पडले तर एकविसाव्या वर्षाच्या सुमारास त्याला सरदारकीची दीक्षा मिळे. तोवर धन्याचा घोडा राखणे, चिलखत घासणे, ते त्याच्या अंगावर चढवणे, पंगतीत त्याला वाढणे, ही सारी कामे त्यानेच करावयाची. आपल्याकडील गुरुगृही समिधा आणणाऱ्या शिष्याची येथे आठवण व्हावी. भेद इतकाच, की त्या शिष्याला रणांगणावर गुरूच्या मागे उभे राहावे लागत नसे.

या ढालाइताच्या अंगी हाफलिंगचा देह कोणी घातला, हे पाहावयाचे तर ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाकडे जावे लागते. जे. आर. आर. टोल्किन हे जुन्या इंग्रजी भाषेचे व्यासंगी अध्यापक. त्यांची 'द हॉबिट' ही मुलांसाठीची कादंबरी १९३७ साली आली आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन खंडांची महाकथा १९५४-५५ मध्ये. हॉबिट म्हणजे बुटके, खाण्यापिण्यावर प्रेम करणारे, अनवाणी चालणारे शेतकरी लोक; बाहेरची थोर माणसे त्यांनाच 'हाफलिंग' म्हणतात. तेहतीस वर्षे पुरी होईपर्यंत हॉबिट सज्ञान मानला जात नाही, हा नियम आमच्या काही पालकांना फार आवडेल.

महाकथेत पेरेग्रिन टूक ऊर्फ पिप्पिन आणि मेरिआडॉक ब्रँडीबक असे दोन तरुण हॉबिट आहेत. युद्धाच्या धामधुमीत दोघांची ताटातूट होते आणि दोघेही दोन वेगवेगळ्या वृद्ध राज्यकर्त्यांच्या पदरी जाऊन पडतात. पिप्पिन गोंडोरच्या राजधानीत पोचतो. तेथील कारभारी डेनेथॉर याचा थोरला मुलगा बोरोमिर हा या दोघा हॉबिटांना वाचवताना मारला गेलेला असतो. ते ऋण फेडावे म्हणून पिप्पिन आपली इवलीशी तलवार त्या दुःखी बापाच्या पायांशी ठेवतो. त्याला काळा-रुपेरी गणवेश मिळतो. त्या शहरातला दहा वर्षांचा एक मुलगा त्याला आपल्याच वयाचा समजून उंचीवरून चिडवतो आणि तो मुलगा खरोखरीच त्याच्यापेक्षा उंच असतो. पिप्पिन तेव्हा एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असतो, म्हणजे त्याच्या लोकांच्या हिशेबाने अद्याप अज्ञानच. मेरिआडॉक तिकडे रोहानचा राजा थेओडेन याच्या सेवेत रुजू होतो. पण त्याच्या मनात ऋणफेड नाही. म्हाताऱ्या राजाविषयी त्याला नुसता जिव्हाळा वाटला, एवढेच कारण.

आता पुढचा भाग. थेओडेन युद्धाला निघतो तेव्हा मेरिआडॉकला मागे राहण्याची आज्ञा करतो. हेतू मायेचाच आहे. एवढ्याशा जिवाला घोडदळाच्या धुमश्चक्रीत कुठे न्यावयाचे? मेरिआडॉक आज्ञा मोडतो आणि एका अनोळखी स्वाराच्या झग्याआड लपून रणांगणावर जातो. तेथे राजा घोड्याखाली चिरडला जातो आणि ज्याला कोणी पुरुष मारू शकणार नाही अशी ख्याती असलेला शत्रूचा सेनानी त्याच्यावर झेप घेतो. तेव्हा तो अनोळखी स्वार आडवा येतो. ती राजाची भाची एओविन असते. मेरिआडॉक जमिनीवरून सरपटत जाऊन त्या सेनानीच्या गुडघ्यामागे वार करतो, आणि मग एओविन त्याचा शेवट करते. त्या क्षणी शत्रूचे या किड्याकडे लक्षच नव्हते, आणि गुडघ्याची मागची शीर बरोबर त्याच्या हाताच्या उंचीवर होती. मरणोन्मुख राजाजवळ तो पहिल्याने आज्ञाभंगाची क्षमा मागतो, आणि राजा ती हसून देतो.

पिप्पिनची परीक्षा याहून अवघड आहे, असे आमचे मत. त्याचा धनी शत्रूकडून नव्हे, निराशेने पराभूत होतो. जखमी पण जिवंत असलेल्या धाकट्या मुलासह, फारामिरसह, चिता रचून जळून जाण्याचे डेनेथॉर ठरवतो. तो पिप्पिनला सेवेतून मोकळे करतो. जा आणि कुठेही मर, अशा अर्थाचे बोलतो. पिप्पिन नम्रपणे सांगतो की तूर्त निरोप घेतो, परंतु धनी जिवंत आहे तोवर दिलेल्या शब्दातून सुटण्याची आपली इच्छा नाही. आणि तेथून तो धावत सुटतो, तो धन्याचा बेत मोडण्यासाठी मदत आणायला. फारामिर वाचतो, डेनेथॉर वाचत नाही. शब्द पाळणे आणि हुकूम पाळणे या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, हे भल्याभल्यांना न उमगलेले त्या पोऱ्याला जळत्या मशालींच्या उजेडात उमगते. आम्ही मंडळी वर्गात आज्ञाधारकपणाला गुण देतो. असा धडा पाठ्यपुस्तकात आला तर प्रश्नपत्रिकेत त्यावर काय विचारावे, याचा आम्ही पुष्कळ विचार करून पाहिला आहे.

टोल्किन यांनी हे सारे आरामखुर्चीत बसून कल्पिले नव्हते. पहिल्या महायुद्धात लँकाशायर फ्युसिलिअर्स या पलटणीचे संदेशवहन अधिकारी म्हणून ते १९१६ साली सोमच्या लढाईत होते. त्यांचे दोन जिवलग मित्र त्याच वर्षी मृत्यू पावले; ते स्वतः खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी परतले. ब्रिटिश फौजेत प्रत्येक अधिकाऱ्याच्या दिमतीला एक शिपाई असे. महूच्या छावणीलगत किंवा बेळगावच्या कॅम्पात राहिलेल्या वाचकांना अर्दली म्हणजे काय ते सांगावयास नको. महाकथेतील सॅम हा निष्ठावंत सेवक आपण त्या युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून आणि अर्दलींवरून घडला, असे टोल्किन यांनी पुढे मान्य केले होते. मध्ययुगीन ढालाइताचा तो विसाव्या शतकातला वारस.

आता पुन्हा खेळाकडे वळू. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ साली 'चेनमेल' हा लुटूपुटूच्या लढायांचा खेळ रचला होता, त्याच्या पुरवणीत हॉबिट आले होते. तेथून ते १९७४च्या खेळात आले. पुढे टोल्किन यांच्या साहित्याचे हक्क बाळगणाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा 'हॉबिट' हा शब्द काढून सर्वत्र 'हाफलिंग' घालण्यात आला. नाव बदलले, रूप तेच राहिले. पण टोल्किनच्या कथेतला एक भाग खेळात उतरला नाही, आणि आमचा खरा आक्षेप तेथे आहे.

पात्र जसजसे पराक्रम करते तसतसे ते पायऱ्या चढते. मानवी लढवय्याला पायऱ्यांची मर्यादा नव्हती. हाफलिंगला मात्र १९७४च्या नियमांनी केवळ लढवय्याच होता येई आणि चौथ्या पायरीवर त्याची वाट कायमची बंद होई. त्या चौथ्या पायरीचे नाव 'हीरो' होते, हा दैवदुर्विलासच. १९७५च्या पुरवणीत चोराचा पेशा आला. १९७८च्या नव्या नियमग्रंथात हाफलिंगला चोर म्हणून हवे तितके चढता येई. लढवय्या म्हणून मात्र चौथ्यापासून फार तर सहाव्या पायरीपर्यंतच. १९८१च्या सुटसुटीत आवृत्तीत ही हद्द आठवीपर्यंत गेली. 'पॅलाडिन' म्हणजे धर्मवीर सरदार, हे पद तर केवळ मानवांसाठी राखीव होते. मानव हाच या दुनियेचा केंद्रबिंदू राहावा आणि दीर्घायुषी इतर जातींनी त्याला झाकोळू नये, अशी गायगॅक्स यांची भूमिका होती. खेळाचा तोल म्हणून ती समजण्यासारखी आहे. परंतु तिचा परिणाम काय झाला, तो पाहा. पहिल्या कादंबरीतला बिल्बो हा खुज्यांच्या टोळीने घरफोड्या म्हणून कामाला ठेवलेला हॉबिट. त्याचा वंश खेळात फोफावला. हाफलिंग म्हटला की कुलूप उघडणारा, खिसे चाचपणारा, हे समीकरण होऊन बसले. पिप्पिन आणि मेरिआडॉक यांचा वंश खुंटला. मूळ कथेत हे दोघे ढालाईत अखेरीस सरदार होतात. विजयोत्सवात पिप्पिन आपल्या मित्रांना ते मोठ्या ऐटीत सांगतो. खेळाच्या जगात मात्र हाफलिंग ढालाइताने कितीही रक्त सांडले तरी तो ढालाईतच राहणार, हे त्याच्या जन्माबरोबर छापून ठेवलेले होते.

रंगमंडपात कर्णाने धनुष्य उचलले तेव्हा त्याला पहिला प्रश्न कुळाचा विचारला गेला, हे आपल्याकडच्या मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. शासकीय शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला तर मुळीच नाही. पहिलीच्या पटावर नाव चढवताना बापाचा धंदा ऐकून 'हा सातवीपर्यंत टिकला तरी पुष्कळ' असे पुटपुटणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांचेही नियमपुस्तक असेच छापील होते, फक्त ते कुठे विकत मिळत नसे.

२००० साली या खेळाची तिसरी आवृत्ती निघाली आणि तीत ही कुंपणे काढून टाकण्यात आली. कोणत्याही जातीच्या पात्राने कोणताही पेशा घ्यावा आणि शेवटच्या पायरीपर्यंत जावे. सव्वीस वर्षांनी हाफलिंग धर्मवीर होऊ शकला. याचा गाजावाजा झालेला आमच्या वाचनात नाही. पण आमच्या लेखी ती मोठी घटना आहे.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत हाफलिंगला ज्या देणग्या दिल्या आहेत, त्या वाचताना नियम लिहिणाऱ्याने मूळ कथा पुन्हा वाचली असावी असे वाटते. बळ त्याला जादा मिळाले नव्हते. चापल्य मिळाले होते. मोठी अवजड शस्त्रे त्याच्या हाती नीट चालत नसत. त्याची चाल माणसापेक्षा मंद होती. २०२४च्या सुधारित नियमांत ती बरोबरीची झाली. भय घालणाऱ्या प्रसंगी त्याला दोनदा फासा टाकून त्यातला बरा आकडा घेता येतो. वीस पैलूंच्या फाशावर एक पडणे म्हणजे दुर्दैवाची परिसीमा, पण हाफलिंगला एक पडला तर तो पुन्हा टाकता येतो; मात्र दुसऱ्यांदा जे पडेल ते निमूट स्वीकारावयाचे. आपल्याहून मोठ्या आकाराच्या शत्रूच्या पायांमधून तो निसटू शकतो. आणि २०१४च्या नियमांत त्यांच्यातील एका शाखेला तर आपल्याहून मोठ्या देहाच्या आड लपता येई. ढालाइताला याहून योग्य नियम कोणता? धन्याची सावली हाच त्याचा किल्ला.

आमचा एक माजी विद्यार्थी सध्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गेले वर्षभर असाच एक हाफलिंग ढालाईत खेळतो आहे. त्याच्या मातोश्रींची आमच्याकडे तक्रार आली, "सर, सोंगच घ्यायचं तर राजाचं घ्यावं. हा कोणाची तरी ढाल वाहतो म्हणे!" आम्ही त्याला विचारले. तो थोडा संकोचला आणि म्हणाला, "सर, मोठा योद्धा झालं की जो तो आपल्याला विचारतो, पुढे काय करायचं. ढालाइताला कुणी विचारत नाही. त्याला स्वतःचं स्वतःच ठरवावं लागतं." उत्तर आम्हांला चमत्कारिक वाटले, घरी येईपर्यंत त्यावर विचार करीत होतो.

त्याच्याच तोंडून ऐकलेली पुढची हकीकत अशी. त्याचा धनी, म्हणजे दुसऱ्या एका मुलाचे सरदाराचे पात्र, एका गावात बंडखोर लपल्याच्या संशयाने तेथल्या धान्याच्या कोठाराला आग लावण्याचे ठरवतो. आत बंडखोर आहेत की गावकरी, हे कोणालाच ठाऊक नाही. ढालाइताला हुकूम होतो की मागच्या दाराला अडसर घाल आणि तेथेच उभा राहा. सूत्रधाराने विचारले, काय करतोस? टेबलाभोवती बराच वेळ कोणी बोलले नाही. सरदार झालेला मुलगा त्याचा शाळेपासूनचा मित्र. खेळ असला तरी त्याला सर्वांदेखत नाही म्हणणे सोपे नव्हते. शेवटी याने सांगितले, मी दार आवाज न करता उघडतो आणि आतल्यांना बाहेर काढतो. फासा टाकला, एक पडला. हाफलिंगचे नशीब म्हणून पुन्हा टाकला, चार पडला. दार करकरले आणि सारे उघड झाले. आत गावकरी होते, बंडखोरही होते. काही सुटले, काही नाही. सरदाराने भर चौकात ढालाइताचा पट्टा काढून घेतला आणि त्याला सेवेतून हाकलून दिले.

दोन आठवडे ते दोघे मित्र एकमेकांशी जेमतेम बोलत होते, असे त्याच्या मातोश्री सांगतात. आता पुन्हा खेळ सुरू झाला आहे. "तुझ्या त्या पोऱ्याला दुसरीकडे नोकरी लागली का रे?" असे त्या रोज जेवताना विचारतात, आणि तो नाही म्हणतो. त्याच्या पत्रिकेवर धन्याच्या नावावर एक रेघ मारलेली आम्ही पाहिली. सामानाच्या यादीत मात्र ती ढाल अजून आहे, धन्याच्याच चिन्हाची. ती परत मागायला अद्याप कोणी आलेले नाही.